नियम डोळ्यांना दिसत नसेल, तर दालनाने सांगावा

कोरा कागद:
संगणकाने घडवलेली चित्रं मला मनापासून आवडतात, म्हणूनच ही तक्रार. गेओर्ग नेस यांनी १९६० च्या दशकात संगणकावर काढलेलं 'शॉटर' हे चित्र घ्या. ओळीला १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरचे शिस्तीत उभे. खाली येतील तसे कलंडत, विस्कटत जातात. प्रोग्रॅम न वाचताही त्यामागचा नियम कळतो.

आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०२२ मध्ये मांडलेलं कलावंत रेफिक अनादोल यांचं 'अनसुपरवाइज्ड' घ्या. संग्रहालयाच्याच लाखाहून जास्त प्रतिमांवर शिकवलेलं एआय मॉडेल, २४ फुटी पडदा, अखंड वाहणारे रंग. देखणं आहेच. पण कलावंताने काय ठरवलं आणि यंत्राने काय, हे कितीही वेळ बघून उमगत नाही. अशा कलाकृतीशेजारी तिची घडण मांडलीच पाहिजे: प्रतिमा कुठल्या, परवानगी कोणाची, किती चित्रं काढून किती टाकली.

तिरकी रेघ:
साफ नामंजूर. अभियंते मायकेल नोल यांनी १९६० च्या दशकात १०० जणांसमोर दोन चित्रं ठेवली, एक चित्रकार मोंद्रियान यांचं आणि एक स्वतःच्या प्रोग्रॅमने काढलेलं. ५९ टक्क्यांना संगणकाचं जास्त आवडलं. संगणकाचं कुठलं, हे बरोबर ओळखणारे फक्त २८ टक्के. उलट १९६५ मध्ये श्टुटगार्टला नेस यांची चित्रं लागली तेव्हा ती यंत्राची हे माहीत असल्यानेच जमलेले चित्रकार बिथरले. तत्त्वज्ञ माक्स बेन्से यांना 'ही कृत्रिम कला आहे' म्हणत समजूत काढावी लागली. आधी माहिती हातात दिली की माणूस चित्र बघत नाही, बाजू घेतो.

बोरू:
मी चित्रांवर पोट भरते, त्यामुळे मला हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटत नाही. २०१८ मध्ये 'एडमंड द बेलामी' हे एआयने काढलेलं चित्र क्रिस्टीज या लिलावघरात ४,३२,५०० डॉलरला गेलं. सहीच्या जागी समीकरण होतं. ज्या तरुणाने खुला ठेवलेला कोड त्यात वापरला गेला, त्याचं नाव लिलावाभोवतीच्या वादातून सगळ्यांना कळलं. आणि २०२५ मध्ये त्याच लिलावघराने एआय कलेचा वेगळा लिलाव ठेवला, तेव्हा तो रद्द करा म्हणून हजारो कलावंतांनी सह्या केल्या. आमची चित्रं न विचारता यंत्राच्या शिकवणीला वापरली जातात आणि फलकावर आमचा उल्लेखही नसतो. बघणाऱ्याची नजर स्वच्छ राहावी म्हणून आम्ही गप्प बसायचं का?

तिरकी रेघ:
बोरू, परवानगीचा मुद्दा मान्य. तो प्रदर्शन लागण्याआधी निकालात निघाला पाहिजे. पण त्याचं ओझं बघणाऱ्यावर नको. चित्रकार व्हेरा मोल्नार यांच्या प्लॉटरने, म्हणजे पेन चालवणाऱ्या यंत्राने, काढलेल्या रेघांपुढे मी थबकलो तेव्हा एवढंच दिसत होतं की ही शाई कागदावर थरथरते आहे. त्या १९६८ पासून संगणक वापरत होत्या, हे नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी तो थरथराट मोजत बसलो असतो.

कोरा कागद:
मग घडण बाहेर पडायच्या वाटेवर मांडा, मला चालेल. पण नोल यांच्या प्रयोगाने माझा मुद्दा खोडला जात नाही. त्यांनी विचारलं होतं काय आवडलं आणि यंत्राचं कुठलं. श्रेय कोणाला द्यायचं, हे विचारलंच नव्हतं.

तिरकी रेघ:
बाहेरच्या वाटेवर ठीक. टाकलेली चित्रं मात्र नकोत. चित्रकाराचे फाडलेले कागद आपण मागत नाही.

कोरा कागद:
चित्रकाराने प्रत्येक कागदावर हात चालवलेला असतो. इथे यंत्र हजार चित्रं काढतं आणि माणूस त्यातलं एक उचलतो. ते एक का, हे मला बाकीची ९९९ बघितल्याशिवाय कसं कळणार?