मदत हवी आहे: चिऱ्याच्या भिंतीतल्या बिनडंखाच्या माश्या पेटीत कशा घ्यायच्या?

नमस्कार मंडळी,

देवरुखजवळ आमचं जुनं घर आहे. मागच्या पडवीची भिंत पावसाच्या आत उतरवायची आहे, गवंडी पंधरा दिवसांनी येतोय. त्या भिंतीत छातीच्या उंचीवर, दोन चिऱ्यांच्या फटीत बारीक काळ्या माश्यांचं घर आहे. माशी जेमतेम मुंगीएवढी. फटीतून करंगळीएवढी राळेची नळी बाहेर आलीय आणि तिच्या तोंडाशी दिवसभर चार-पाच जणी पहाऱ्याला बसलेल्या असतात. ट्रायगोना म्हणतात त्या याच. आई म्हणते, ती लग्न होऊन आली तेव्हाही नळी तिथेच होती.

मला त्या वाचवायच्या आहेत आणि खरं सांगायचं तर मधही हवाय. तो आंबटगोड मध आजी बोटावर चाटवायची, ती चव पुन्हा मिळालेली नाही.

आधी केलेला घोळही सांगून टाकतो. माघात माडाचं खोड पडलं, त्यातही अशाच माश्या निघाल्या. घरात सातेरी मधमाश्यांची (पाळतात त्या नेहमीच्या देशी मधमाश्यांची) रिकामी पेटी होती. सगळं घरटं ओंजळीने उचललं आणि पेटीत ठेवलं. मधाच्या कुप्या फुटल्या, मध तळाशी ओघळला. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग, आठवड्याने झाकण काढलं तर आत पांढऱ्या अळ्यांचा लगदा. तो वास अजून नाकातून जात नाही.

म्हणून या वेळी विचारून करतोय. पेटी केवढी हवी? राणी ओळखायची कशी? आणि नवी पेटी कुठे टांगू? गवंडी म्हणतो, "धूर करा, पळतील." त्याला सध्या चहा देऊन गप्प ठेवलंय.

काजूवाला: धूर अजिबात नको. सातेरीची पेटी यांना म्हणजे चार माणसांना मंगल कार्यालय. सातेरी उभी पोळी बांधते, म्हणून तिला चौकटी लागतात. या मेण-राळेच्या गोल कुप्या करतात, मध-परागाच्या वेगळ्या आणि अंड्या-पिल्लांच्या वेगळ्या. त्यांना दोन-अडीच लिटर पाणी मावेल एवढा जाड फळीचा खोका आणि करंगळी जाईल एवढं एकच भोक पुरतं. रंग, वॉर्निश आतून लावू नका.

तुमचा घात सांडलेल्या मधाने केला. त्या वासावर मुंग्या येतात आणि बारीक कुबडी माशीही येते. ती अंडी घालते, तुम्हाला दिसलेल्या अळ्या बहुतेक तिच्याच. फुटलेली एकही कुपी नव्या पेटीत जाता कामा नये.

कारकळकर: आम्ही मूळचे चित्पावन, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडे कर्नाटकात कारकळला. तुळू मुलखात यांना मुजंटी म्हणतात, खाली केरळात चेरुतेनीच्च. केरळात बांबूच्या पेरात, मडक्यात, नारळाच्या करवंटीतही पाळतात, त्यामुळे सुताराशिवाय अडत नाही.

चिरे वरून एकेक हाताने काढा, पहार घालू नका. काम तिन्हीसांजेला करा, म्हणजे बाहेर गेलेल्या परतलेल्या असतात. आधी पिल्लांचा घोस अख्खा उचलून पेटीत ठेवायचा. राणी त्याच्याच आसपास सापडते: पोट लांब फुगलेलं, रंगाने फिकट, उडता येत नाही. चिमटीत धरू नका, पुठ्ठ्यावर चढू द्या. सोबत परागाच्या दोन-चार न फुटलेल्या कुप्या द्या. सगळ्यात महत्त्वाचं, ती जुनी राळेची नळी कापून नव्या भोकाभोवती चिकटवा. आपल्या घराचा वास लागला की माश्या बिनबोभाट आत शिरतात. फटी चिकणमातीने लिंपा.

डोक्याला रुमाल बांधा. डंख नाही, पण केसांत, कानात शिरून चावतात आणि अंगाला राळ फासतात.

देवरुखकर (धागाकर्ता): कुप्यांचं आता लख्ख कळलं. पण भिंतच राहणार नसेल तर पेटी ठेवू कुठे? परसातल्या आंब्याला बांधली तर?

कारकळकर: आंबा पन्नास पावलांवर असेल ना? मग चरायला गेलेल्या परत जुन्या जागीच घोंघावत बसतील. वासा रोवून पेटी त्याच उंचीवर, नळी होती तिथेच ठेवा. गवंडीकामाची धूळ उडणार असेल तर रात्री भोक जाळीने बंद करून दोनेक किलोमीटरवर कोणाकडे नेऊन ठेवा आणि काम उरकल्यावर आणा. वाशाला ग्रीसचं फडकं गुंडाळा, मुंग्या चढत नाहीत. वर पत्रा हवाच.

काजूवाला: मधाबद्दल एक स्पष्ट सांगतो. या वर्षी थेंब काढायचा नाही. पुढच्या उन्हाळ्यात पेटी जड लागली तर मधाच्याच कुप्यांना टोचून मध निथळू द्या, पिळू नका. पिळला की पराग मिसळतो आणि मध फसफसतो. तो मुळातच पातळ असतो, फ्रिजमध्ये ठेवा. चांगल्या पेटीतून वर्षाला अर्धा किलो मिळाला तरी भरपूर. विकायचा विचार असेल तर सातेरीच पाळा.

देवरुखकर (धागाकर्ता): विकायचा नाही, आईला चाटवायचाय. मामांचं घर तीन किलोमीटरवर आहे, पेटी तिकडेच नेतो. सुताराला खोका सांगून आलो. तो विचारत होता, "पोपट पाळताय काय?" गवंडी यायच्या आदल्या संध्याकाळी करतो आणि फोटो इथे टाकतो. तोवर अजून काही सुचलं तर लिहा, विशेषतः राणी दिसलीच नाही तर काय करायचं ते.

कारकळकर: नाही दिसली तर घाबरू नका. घोसाच्या कडेला बाकीच्यांपेक्षा मोठी कुपी आहे का बघा. ती असेल तर नवी राणी तिच्यातून निघेल. फक्त ती चिरडू नका.