भाषेच्या नव्या आवृत्तीवर लेख लिहायचाय, त्यात नेमकं काय द्यावं?

अर्धविराम:
प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती आली की तिच्यावर हजारेक शब्दांचा लेख लिहायचा विचार आहे. रिलीज नोट्सचं नुसतं भाषांतर नको. रोज कोड लिहिणाऱ्याच्या हाती त्यातून काय लागलं पाहिजे? वेगाची तुलना द्यावी का?

शून्यापासून:
आधी हे सांगा, की अपग्रेड केल्यावर जुन्या कोडचं काय होणार. गो भाषेची १.२२ आवृत्ती घ्या (फेब्रुवारी २०२४). तेव्हापासून फॉर लूपमध्ये घोषित केलेलं व्हेरिएबल प्रत्येक फेरीत नवं तयार होतं. त्याआधी सगळ्या फेऱ्यांत मिळून एकच असायचं, म्हणून लूपमध्ये सुरू केलेल्या गोरूटीनना (गोमधली एकाच वेळी चालणारी हलकी कामं) बऱ्याचदा शेवटचीच किंमत दिसायची. इतपत सगळेच लिहितात. निसटतं ते पुढचं: नुसता कंपायलर नवा टाकून हे वागणं बदलत नाही, प्रोजेक्टच्या गो.मॉड फाइलमधल्या, भाषेची आवृत्ती सांगणाऱ्या गोच्या ओळीत १.२२ किंवा त्यापुढचा आकडा लागतो. ओळ १.२१ वर राहिली तर बग जागच्या जागी. त्यामुळे छोटासा पण पूर्ण चालणारा कोड द्या आणि दोन्ही आकड्यांवर मिळालेलं आउटपुट शेजारी ठेवा. अर्धवट तुकडे कृपया नकोत, ते कंपाइलच होत नाहीत.

रिलीजबिल्ड:
तुलना जरूर द्या, पण वाचकाला ती स्वतः चालवून पाहता आली पाहिजे. कंपायलरची आवृत्ती, त्याला दिलेले फ्लॅग (पर्याय), प्रोसेसर, किती वेळा चालवलं आणि आकडे किती वरखाली झाले, हे सगळं हवं. रस्ट भाषेत नुसतं कार्गो बिल्ड (कोड बांधायची आज्ञा) म्हटलं की ऑप्टिमायझेशनची पातळी ०, रिलीज फ्लॅग दिला की ३. तो फ्लॅग राहिला तर निकालाला काही अर्थच उरत नाही. जावात सुरुवातीच्या फेऱ्या जेआयटी (प्रोग्राम चालू असतानाच कोड वेगवान करणारा कंपायलर) तापण्याआधीच्या असतात, त्या वेगळ्या काढायला जेएमएच हे वेग मोजायचं साधन वापरा. आणि मोजलेल्या गणिताचं उत्तर पुढे कुठेतरी वापरा. नाहीतर कंपायलर ते गणितच उडवतो आणि तुम्ही रिकामा लूप मोजत बसता.

धागादोरा:
मर्यादाही लिहा, आणि त्या कोणत्या आवृत्तीच्या आहेत तेही. जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (जावा स्वतः सांभाळते ते हलके थ्रेड) पक्के झाले, पण सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा कोड) आत असा थ्रेड आय-ओसाठी थांबला की त्याच्याखालचा ओएस थ्रेडही अडकायचा. तिथे त्याऐवजी रीएंट्रंटलॉक हा जावाचा दुसरा लॉक वापरा, हा तेव्हाचा योग्य सल्ला. जावा २४ ने ती अडचण जवळजवळ संपवली. लेखाच्या माथ्यावर आवृत्ती नसेल तर वाचक आजही विनाकारण लॉक बदलत बसेल.

अर्धविराम:
पटलं. संज्ञांना मराठी प्रतिशब्द द्यावेत का?

शून्यापासून:
समजावताना द्या, पण एरर मेसेज अक्षरशः जसाच्या तसा ठेवा. अडलेला माणूस तोच शोधत येतो.