पोषण शिकवायचंच तर काउंटरवरचं शिकवा
पोषण हे डाएटिशियनचं काम, फार्मसीच्या पोरांवर कशाला लादता, असं काही जण म्हणतात, ते मला काही पटलं नाही. डी.फार्मच्या (फार्मसी डिप्लोमाच्या) ईआर-2020, म्हणजे 2020 च्या नियमावलीच्या, अभ्यासक्रमात सोशल फार्मसी या विषयात बॅलन्स्ड डाएट, सप्लिमेंट्स, औषध-अन्न इंटरॅक्शन (औषध आणि खाणं यांचा एकमेकांवर होणारा परिणाम) हे सगळं आहेच की, पण शिकवतात कसं, तर व्हिटॅमिनचा तक्ता पाठ करा आणि पेपरात ओका.

आमच्या इंदूरात बघा, सकाळी उठल्याउठल्या चहा, मग पोहे-जिलेबी, वर मूठभर शेव. आता थायरॉइडची गोळी घेणाऱ्या काकूंना 'रिकाम्या पोटी घ्या' एवढंच सांगून भागत नाही, चहाआधी अर्धा-पाऊण तास घ्या आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी निदान चार तासांनी, हे सांगावं लागतं, आणि ते सांगणार कोण? डॉक्टरकडे बाहेर रांग असते, डाएटिशियनकडे काकू जाणार नाहीत, शेवटी मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगाच उरतो ना!

तसंच मेटफॉर्मिन, ही डायबिटीसची गोळी. वर्षानुवर्षं घेतली की व्हिटॅमिन बी-12 कमी होऊ शकतं, त्यात घर शाकाहारी असलं तर अजूनच, मग पायाला मुंग्या आल्या की लोक शुगरवर ढकलून मोकळे. आणि व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची गोळी आठवड्याला एक लिहिलेली असताना रोज खाणारे तर विचारूच नका.

माझ्या मते तक्ते थोडे कमी करा नि खरी प्रिस्क्रिप्शनं (नाव झाकून हं) वर्गात आणा, एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने समजावायचं. प्रोटीन पावडरचा डबा विकण्याआधी जेवणात डाळ किती असते हे विचारायची सवय तिथेच लागेल, दुकानमालकाला आवडेल का ते सोडा.