जिनिंगच्या काट्यासाठी दोन नोडचा क्लस्टर लावावा का?

काटेकोर

कापसाचा हंगाम जवळ आला की तालुक्याच्या गावांत दोन सर्व्हरचा (म्हणजे दोन नोडचा) क्लस्टर खपवणारे फिरू लागतात. काम कोणत्या मशीनवर चालवायचं ते ठरवणारा पेसमेकर, मशीनमधला संवाद सांभाळणारा कोरोसिंक, खाली दोन्हीकडच्या डिस्क सारख्या ठेवणारा डीआरबीडी, वर चालू मशीनकडे सरकणारा एक तरंगता आयपी. एक मशीन बसलं तरी दुसरं आपोआप काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) काढत राहील, असं सांगतात. माझं मत: गावाकडच्या जिनिंगमध्ये हे लावू नये.

दोन्ही मशीन एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर, एकाच स्विचला. डीपी उडाली आणि यूपीएस संपला की दोन्ही सोबतच झोपतात. उरतो फायदा फक्त मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय जळण्यापुरता, आणि नेमका तिथेच घोटाळा आहे.

क्लस्टरचा जीव फेन्सिंगमध्ये. जोडीदाराचा आवाज थांबला की तो मेला की नुसती केबल निघाली, हे उरलेल्या नोडला कळत नाही. म्हणून आधी त्याची वीज तोडायची, मगच डेटाबेस उचलायचा. ते काम आयपीएमआयवर (दुरून मशीन चालू-बंद करायची सोय) सोपवतात, आणि त्याचा बीएमसी (बोर्डवरची त्यासाठीची चिप) त्याच मशीनच्या पॉवर सप्लायवर जगतो. सप्लाय जळाला की बीएमसीही गेला. फेन्सिंगला उत्तर येत नाही आणि धडधाकट नोड हात बांधून बसतो. मग कोणीतरी वैतागून 'स्टोनिथ-एनेबल्ड=फॉल्स' करून टाकतं, म्हणजे फेन्सिंगच बंद. त्यानंतर मधली केबल उंदराने कुरतडली की दोन्ही नोड स्वतःला प्रायमरी (मुख्य) समजतात आणि एकच पावती क्रमांक दोन शेतकऱ्यांच्या हातात पडतो. डीआरबीडीचा असा स्प्लिट-ब्रेन (दोन्हीकडे वेगळ्या नोंदी) सोडवताना एका बाजूच्या नोंदी टाकून द्याव्याच लागतात. कोणाचा कापूस टाकून देणार?

त्यापेक्षा एक चांगला सर्व्हर घ्या: ईसीसी मेमरी (चूक स्वतः दुरुस्त करणारी), रेड-१ (दोन डिस्कवर एकच डेटा), दोन पॉवर सप्लाय. शेजारी पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसचा स्टँडबाय, म्हणजे चालती नक्कल. गरज पडली तर हाताने प्रमोट, म्हणजे तीच मुख्य करायची. दहा मिनिटांचं काम, भिंतीवर कागद लावून ठेवा.

सावजी_रूट

काय सांगून राहिले भाऊ! फेन्सिंग अर्धवट लावलं म्हणून क्लस्टरच नको? ब्रेक लागत नाही म्हणून बंडी घ्या, असं झालं हे.

आयपीएमआय ही पहिली पातळी. दुसऱ्या पातळीला नेटवर्कवरून बंद करता येणारी पीडीयू (प्लगांची पट्टी) लावा. मशीनला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही आउटलेट एकाच पातळीत द्या, नाहीतर एक बंद होते, दुसऱ्यावर मशीन चालूच राहते आणि क्लस्टरला वाटते मेली. आयपीएमआयला हुकूम देणाऱ्या फेन्स_आयपीएमआयलॅनमध्ये 'लॅनप्लस=१' विसरू नका. लिनक्सच्या लॉगिंडीत पॉवर बटणाला 'इग्नोर' सांगा, नाहीतर वीज तोडायच्या ऐवजी मशीन निवांत शटडाउन करत बसते.

दोन्ही नोड एकाच वेळी एकमेकांवर उठू नयेत म्हणून एका फेन्स डिव्हाइसवर १० सेकंदांचा विलंब द्या. इथे बहुतेक जण उलटं करतात. जो नोड जगावा असं वाटते, त्याला मारणाऱ्या डिव्हाइसवर विलंब पायजे.

आणि तुमच्या हाताने प्रमोटचं काय? रात्री अकराला काट्यावरचा पोऱ्या प्रमोट करते, बाराला लाइन येते, जुना सर्व्हर उठते, त्याचा पोस्टग्रेस सिस्टिमडीतून आपोआप सुरू होते. झाले दोन प्रायमरी! तुमच्या पद्धतीत तर फेन्सिंगच नाही न भाऊ.

काटेकोर

आपोआप सुरू होणं दोन्हीकडे बंद ठेवायचं, हे लिहायचं राहिलं, मान्य. कागदावरची पहिली ओळ 'जुन्या मशीनची वायर भिंतीतून काढा' हीच हवी. हाच आमचा स्टोनिथ. जुनं मशीन परत घेताना पीजी_रिवाइंड (जुना डेटाबेस नव्याशी जुळवणारं साधन) चालायला 'वॉल_लॉग_हिंट्स' किंवा डेटा चेकसम आधीपासून चालू लागतात, तेही करून ठेवा.

पण दोन नोडचं एक दुखणं तुम्ही टाळलंत. कोरोसिंकमध्ये 'टू_नोड: १' लिहिलं की 'वेट_फॉर_ऑल' आपोआप लागू होतं. दोन्ही मशीन बंद पडून एकच उठलं, तर ते दुसऱ्याची वाट बघत थांबतं. लोडशेडिंगच्या गावात हे रोजचं.

तिसरं_मत

म्हणूनच तिसरं मत हवं, आणि त्यासाठी तिसरा सर्व्हर घ्यावा लागत नाही. ऑफिसच्या इमारतीत, वेगळ्या यूपीएसवर एक छोटा पीसी ठेवा आणि त्यावर कोरोसिंकचा क्यूनेटडी (तिसरं मत देणारी सर्व्हिस) चालवा. टीसीपी ५४०३ उघडा, नोडवर त्याच्याशी बोलणारा क्यूडिव्हाइस जोडा, अल्गोरिदम 'एफएफस्प्लिट' (फूट पडली तर एकाच बाजूला मत). पीसीएस कमांडने जोडलं तर टू_नोड तोच काढून टाकतो. फाइल हाताने लिहिणाऱ्यांनी आठवणीने काढावं. एक नोड आणि हा पीसी मिळून तीनपैकी दोन मतं होतात.

मग पीडीयूचा खर्चही वाचतो. प्रत्येक नोडवर एसबीडी (बहुमतावर नजर ठेवणारा) आणि हार्डवेअर वॉचडॉग (वेळेत खुशाली आली नाही तर मशीन रीसेट करणारं घड्याळ) लावा. कोरम (बहुमत) गेला की नोड स्वतःच रीसेट होतो. समोरच्याचा बीएमसी जिवंत आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. सॉफ्टडॉगवर (सॉफ्टवेअर वॉचडॉग) विसंबू नका, कर्नल लटकला की तोही लटकतो. वॉचडॉगची वेळ ५ सेकंद, 'स्टोनिथ-वॉचडॉग-टाइमआउट' (दुसऱ्या नोडने थांबायची वेळ) १०.

काटेकोर

ताई, ५ चालणार नाही. क्यूडिव्हाइसचा सिंक टाइमआउट मुळातच ३० सेकंद आहे, वॉचडॉग त्याहून मोठा लागतो. ३५ ठेवा आणि पेसमेकरकडे ७०. म्हणजे फेलओव्हरला (काम दुसऱ्या नोडवर जायला) सव्वा मिनिट आणि वर डेटाबेस उठायचा वेळ.

तिसरं_मत

बरोबर, ३५ आणि ७०. आकडा चुकला माझा. पण ट्रॅक्टर काट्यावर चढून सरळ होईपर्यंत एवढा वेळ जातोच. तुमच्या दहा मिनिटांपेक्षा हे बरं.

बंडीवाला

तिघंही सर्व्हरवरच भांडून राहिले. वजन सर्व्हरमध्ये येते कुठून? काट्याच्या इंडिकेटरमधून आरएस-२३२ ची (सिरियल) एक केबल केबिनमधल्या एकाच पीसीला जाते. तो पीसी मेला की क्लस्टर हिरवाच दिसते आणि फाटकापर्यंत गाड्यांची रांग लागते. आधी तिथे सिरियल टू इथरनेट कन्व्हर्टर लावा, कोणताही पीसी वजन वाचू शकेल. केबिन ते ऑफिस तांब्याची वायर नको, फायबर टाका. पावसाळ्यात वीज पडली की तांब्यावरून स्विचचे पोर्ट जातात. आणि सर्व्हर रेच्याच्या (सरकी काढायच्या मशीनच्या) शेडपासून दूर ठेवा, रुईचे तंतू पंख्यात बसून मशीन तापते. हे न करता क्लस्टर म्हणजे गोठ्याला कुलूप अन् बैल बाहेर.

सावजी_रूट

हे पटलं. त्यात एक जोडतो. दोन नोडमध्ये सरळ केबल टाकून ती कोरोसिंकची पहिली लिंक करा, स्विचवाली दुसरी. एकच स्विच असला आणि त्यावर जुना स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधला वळसा टाळणारी सोय) चालू असला, तर लाइन येऊन स्विच रीस्टार्ट झाला की पोर्ट ३० सेकंद गप्प राहते. नव्या कोरोसिंकचं टोकन (जोडीदाराची वाट बघायची मुदत) ३००० मिलिसेकंदांचं. तोवर गोळीबार (फेन्सिंग) होऊन जाते.

यूपीएसचं सॉफ्टवेअर एकेक मशीन बंद करत असेल तर पहिली बंद होताच सगळं दुसरीवर धावते, मग तीही बंद. आधी 'पीसीएस क्लस्टर स्टॉप' दोन्ही नोडवर एकदम, मग शटडाउन. आणि क्लस्टर बूटवर आपोआप सुरू ठेवू नका. मार खाल्लेली मशीन का पडली ते पाहून हाताने आत घ्या.

काटेकोर

मग लाइन आल्यावर हाताने सुरू कोण करणार? काट्यावरचा पोऱ्याच ना?

सावजी_रूट

हो, पण तो फक्त सुरू करते. प्रायमरी कोण, हे त्याला ठरवावं लागत नाही.

तिसरं_मत

मी बूटवर चालूच ठेवीन. क्यूनेटडी असताना एकट्या उठलेल्या नोडला कोरम मिळत नसेल तर तो काही उचलत नाही. काटेकोर, तुमच्या स्टँडबायचं एक विचारायचं राहिलं: रेप्लिकेशन (नक्कल पोचवणं) सिंक्रोनस (स्टँडबायच्या होकारासाठी थांबणारं) की असिंक्रोनस (न थांबणारं)? सिंक्रोनस आणि स्टँडबाय एकच असेल, तर तो पडताच प्रायमरीवरचे कमिट (नोंदी पक्क्या होणं) अडकतात.

काटेकोर

असिंक्रोनस. प्रमोट केल्यावर शेवटच्या पाच-दहा पावत्या छापील प्रतींशी ताडून बघायच्या, सिक्वेन्स (पावती क्रमांकाचा मोजक) १०० ने पुढे ढकलायचा, मगच काटा उघडायचा.