मदत हवी आहे: ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ मालिकेचा दुसरा सीझन पुढे बघावा का?

मी आणि ताई रोज रात्री जेवणं उरकली की एक भाग बघतो. पहिल्या सीझनमध्ये सहाव्या भागात कथा एकदम १० वर्षं पुढे गेली, रेनीरा आणि अ‍ॅलिसेंट या दोघींच्या अभिनेत्रीही बदलल्या. दोन मैत्रिणींमधली कटुता कशी वाढत गेली, हे मला बघायचं होतं, आणि नेमकं तेच गाळलं. पुढे मुलांची नावं इतकी सारखी की एगॉन कोण, एमंड कोण, हे मी कागदावर लिहून ठेवलं!

दुसऱ्या सीझनमध्ये (२०२४, ८ भाग) उलटंच झालंय. चौथ्या भागातली ड्रॅगनची लढाई बघून अंगावर काटा आला, पण रेनीराचा नवरा डेमन हॅरनहॉलच्या किल्ल्यात गेल्यापासून नुसती स्वप्नं आणि भासच चाललेत. ताई म्हणते, त्याला आतून बदलायला एवढा वेळ हवाच. मला ते ताणल्यासारखं वाटतं.

आम्ही सहावा भाग संपवलाय. उरलेल्या दोन भागांत डेमनच्या या प्रवासाला काही अर्थ येतो का? कोण मरतं ते मात्र कृपया सांगू नका. आणि मालिकेतल्या टार्गेरियन राजघराण्याची वंशावळ मराठीत कुणी मांडली असेल, तर पाठवाल का?