मदत हवी आहे: बॉटमधले नवे इंटेंट (विचारणाऱ्यांचे हेतू) कसे शोधायचे? (मोठं मॉडेल चालणार नाही)

लोकल_स्लो
सोसायट्यांच्या तक्रारींसाठी बॉट आहे, गिऱ्हाईक बोरिवली-दहिसरचं. इंटेंट ठरलेले: पाणी, लिफ्ट, पार्किंग, मेंटेनन्स बिल. लोक आता भलतंच विचारतात आणि क्लासिफायर (मेसेजला इंटेंट लावणारं मॉडेल) ते कुठेतरी कोंबतो. 'गाडीचा चार्जर बसवायला परवानगी हवी' हे थेट बिलात गेलं. असे नवे प्रकार आपोआप सापडायला हवेत. मिनीएलएम (वाक्याचा अर्थ आकड्यांत मांडणारं छोटं मॉडेल) लावून के-मीन्स (त्या आकड्यांवरून गट पाडणारी पद्धत) चालवलं, नुसती खिचडी. जीपीयू (मॉडेल वेगात चालवणारं कार्ड) नाही. सोमवारी डेमो आहे, लवकर सांगा.

जुनाकोडर
कुठलं मिनीएलएम? मेसेज किती? एक नमुना टाका.

लोकल_स्लो
ऑल-मिनीएलएम-एल६. मेसेज मराठी.

माहीमकरीण
ते इंग्रजीवर शिकवलेलं आहे हो! पुण्याच्या एल३क्यूबचं महाएसबर्ट घ्या, ते मराठीसाठीचं तसलंच मॉडेल आहे.

जुनाकोडर
ते बर्ट-बेस मॉडेलएवढं जड, सीपीयूवर रेंगाळेल. मल्टिलिंग्वल मिनीएलएम-एल१२ घ्या, ५० हून जास्त भाषा, त्यात मराठी आहे.

माहीमकरीण
रेंगाळू दे की. गट रात्री पाडायचेत, गिऱ्हाईक समोर ताटकळत नाहीये.

दादरपूर्व
एवढा खटाटोप कशाला? मोठ्या मॉडेलच्या एपीआयला (बाहेरच्या सर्व्हरवरच्या सेवेला) द्या.

लोकल_स्लो
फ्लॅट नंबर, फोन नंबर असतात त्यात. बाहेर पाठवायचं नाही.

खाडीकिनारा
चार्जरसाठी आधी कमिटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या कांदिवलीत तोंडी विचारणाऱ्यांना नुसतं झुलवलं. पुनर्विकासाला ५१ टक्के संमती पुरते ना आता?

जुनाकोडर
खाडीकिनारा, त्याला वेगळा धागा काढा ना.
लोकल_स्लो, के-मीन्सला गटांची संख्या आधी सांगावी लागते, तुम्हाला तर तीच शोधायची आहे. एचडीबीस्कॅन वापरा, ते दाट गट स्वतः शोधतं आणि विरळ मेसेजना -१ देऊन बाजूला ठेवतं. क्लासिफायरच्या टक्क्यांवर विसंबू नका. सॉफ्टमॅक्स (टक्के काढणारी शेवटची पायरी) १ ची वाटणी ठरलेल्या इंटेंटमध्येच करतो, त्यामुळे अनोळखी वाक्यालाही भरघोस आकडा मिळू शकतो. जुन्या इंटेंटच्या मध्यापासून अंतर मोजा, लांबचे तेवढेच वेगळे काढून त्यांचे गट पाडा. पारखायचं तर 'पार्किंग' मुद्दाम लपवा आणि तो गट आपसूक वर येतो का बघा. नमुना राहिलाच.

लोकल_स्लो
नमुन्यात काय बघायचंय? रोमनमध्येच असतात सगळे. 'पाणी'त कोणी एक ए लिहितं, कोणी दोन.

माहीमकरीण
अहो, हे आधी सांगायचं! मग महाएसबर्टही अडखळेल, ते देवनागरीवर वाढलंय. एआयफॉरभारतचं इंडिकएक्सलिट लावून आधी देवनागरी करा, ते छोटं आहे.

दादरपूर्व
म्युरिल मॉडेल घ्या, त्याला रोमन लिपीतलं मराठीही शिकवलंय.

जुनाकोडर
म्युरिल तसंच्या तसं वाक्यांची जवळीक नीट मोजत नाही, त्यासाठी वेगळं शिकवावं लागेल. सोमवारपर्यंत ते होणार नाही.

लोकल_स्लो
इंडिकएक्सलिट आणि महाएसबर्ट लावलं. चार्जरचा गट सुटा पडला! पाणी गळतीचाही, तो तर आमच्या यादीतच नव्हता. पण निम्मे मेसेज -१ मध्ये गेले.

जुनाकोडर
एचडीबीस्कॅनला मिन-सॅम्पल्स (आसपास किती मेसेज असले की जागा दाट मानायची) दिलं नाही तर ते किमान गट-आकाराएवढंच धरलं जातं, म्हणून -१ फुगतो. ते २ करा. गटाचा आकार किती ठेवायचा ते मेसेज किती आहेत हे कळल्यावर सांगतो.