पैसे व्यावसायिकाचे, तक्रार ग्राहकाची : बेटर बिझनेस ब्युरोची श्रेणी कितपत निष्पक्ष?

काटेकोर (धागाकर्ता)

अमेरिकेत घराचे छप्पर बदलायचे असो, जुनी गाडी घ्यायची असो की सामान हलवणारी कंपनी शोधायची असो, 'आधी बीबीबीवर बघून घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. बीबीबी म्हणजे बेटर बिझनेस ब्युरो ही 1912 पासूनचा इतिहास सांगणारी, ना-नफा तत्त्वावर चालणारी खासगी संस्था आहे. सरकारशी तिचा काही संबंध नाही, पण नाव आणि थाट असा की पुष्कळांना ते सरकारी खातेच वाटते. 2009 पासून ती व्यवसायांना ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देते आणि तिचा खर्च मुख्यतः 'मान्यताप्राप्त', म्हणजे सदस्य झालेल्या, व्यवसायांच्या वर्गणीतून भागतो.

माझा आक्षेप नुसत्या पैशाला नाही, तर ही श्रेणी नेमके काय मोजते हे ग्राहकापर्यंत पोहोचत नाही, याला आहे. धंदा किती वर्षांचा आहे, परवाने आहेत का, सरकारी कारवाई झाली आहे का, धंद्याच्या आकाराच्या मानाने तक्रारी किती आल्या आणि त्यांना उत्तर दिले गेले का, अशा गोष्टी तिच्या हिशेबात धरल्या जातात. ग्राहकांनी दिलेले तारे आणि अभिप्राय त्याच पानावर दिसतात, पण श्रेणीत ते मोजले जात नाहीत. त्यामुळे वर ए प्लस आणि खाली दीड तारा, असे पान सहज पाहायला मिळते.

न्यू जर्सीत आम्ही तळघराचे काम करून घेतले. पहिल्याच मोठ्या पावसात भिंतीच्या बुडाशी ओल आली आणि जमिनीच्या लॅमिनेटच्या फळ्या फुगून कडेने उचलल्या गेल्या. ठेकेदाराने फोन घेणे बंद केल्यावर बीबीबीकडे तक्रार केली. उत्तरासाठी साधारण दोन आठवडे दिले जातात. मुदत संपता संपता चार ओळी आल्या, की ओल हा घराच्या पायाचा दोष असून तो करारात बसत नाही. मी फोटो जोडून ते नाकारले. पुन्हा त्याच चार ओळी आल्या. शेवटी 'उत्तर दिले' असा शेरा मारून तक्रार बंद झाली. 'निराकरण झाले' हा शेरा वेगळा असतो, पण घाईत पान चाळणाऱ्याला हा फरक कुठून कळणार? ठेकेदाराची ए प्लस श्रेणी जशीच्या तशी राहिली. ज्याच्या वर्गणीवर संस्था चालते त्याला चार ओळींत सुटका मिळावी आणि ग्राहकाच्या हाती फक्त शेरा पडावा, याला न्याय म्हणायचे का?

गल्ल्यावरून

काटेकोर, तुमच्या नुकसानीबद्दल वाईट वाटते, परंतु तुमची अपेक्षा मला मान्य नाही. बीबीबीने तुमच्या आणि ठेकेदाराच्या भांडणात कोण खरे हे ठरवायला हवे होते, असे तुम्ही सुचवत आहात. साक्षीपुरावा नाही, घटनास्थळी कोणी गेलेले नाही, आणि तरीही एका कार्यालयात बसून कोणी निकाल दिला असता, तर तो अन्याय नसता का?

आता गल्ल्याच्या या बाजूचे ऐका. डॅलसजवळ माझे किराणा आणि केटरिंगचे छोटे दुकान आहे. गणपतीतल्या एका महाप्रसादाची ऑर्डर ठरलेल्या पानांची होती. ऐन वेळी माणसे वाढली, पुरणपोळ्या कमी पडल्या आणि यजमानांनी सगळे पैसे परत मागितले. मी दिले नाहीत, म्हणून त्यांनी बीबीबीकडे तक्रार केली. मी तिथला सदस्य नव्हतो आणि आजही नाही, मला श्रेणी द्या असे कधी म्हटलेलेही नव्हते. तरीही उत्तर दिले नसते तर माझी श्रेणी घसरली असती. न मागितलेल्या परीक्षेला बसून पेपर कोरा ठेवल्याबद्दल नापास होण्याचा हा प्रकार आहे. अन्याय शोधायचाच असेल तर तो इथे शोधा.

इतके असूनही मी बीबीबीची बाजू घेतो, कारण दुसरा पर्याय मी रोज भोगतो आहे. इतरत्र कोणीही निनावी माणूस, दुकानात पाऊल न टाकता, एक तारा देऊन मोकळा होतो. बीबीबी निनावी तक्रार घेत नाही. तक्रारदार माझा खरोखरच ग्राहक होता का, हे मला विचारले जाते आणि माझे म्हणणे त्याच्या म्हणण्याखाली छापले जाते. माझ्या उत्तरात मी ऑर्डरचा लेखी मेसेज उद्धृत केला. वाचणाऱ्याने काय ते ठरवावे.

ओसरी

गल्ल्यावरून, तुम्ही सदस्य नाही हे खरे, पण सदस्य झाल्याने काय घडत असे ते विसरून चालणार नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये एबीसी वाहिनीच्या '20/20' या कार्यक्रमाने दाखवले, की लॉस एंजेलिसच्या काही व्यावसायिकांनी 425 डॉलर भरून 'हमास' नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या कंपनीची नोंदणी केली आणि तिला ए मायनस श्रेणी मिळाली. दुसरीकडे वुल्फगँग पक यांच्यासारख्या ख्यातनाम शेफच्या काही व्यवसायांना एफ श्रेणी होती. मान्यताप्राप्त असण्याचे वेगळे गुण त्या काळी चक्क श्रेणीत धरले जात. कनेक्टिकट राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल (मुख्य कायदा अधिकारी) रिचर्ड ब्लुमेंथल यांनी ही पद्धत बंद करण्याची लेखी मागणी केली, तेव्हा कुठे ते गुण काढले गेले.

गल्ल्यावरून

आणि पुढचे? 'हमास'ला श्रेणी देणारी दक्षिण कॅलिफोर्नियाची ती शाखा संस्थेची सर्वांत मोठी स्थानिक शाखा होती, आणि 2013 मध्ये तिलाच मूळ संस्थेने बाहेर काढले. आपली सर्वांत मोठी शाखा तोडून टाकणारी संस्था निव्वळ वर्गणीसाठी चालते, असे म्हणणे मला पटत नाही.

ओसरी

प्रकरण दूरचित्रवाणीवर गाजल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने काढले. स्वतःहून नव्हे.

जमाखर्च

मी ठाण्यात राहतो आणि हिशेबतपासणीत आयुष्य गेले आहे, त्यामुळे बीबीबीशी माझा थेट संबंध नाही. पण 'ज्याला गुण द्यायचे त्याच्याकडूनच शुल्क घ्यायचे' हा रोग आमच्याकडे फार मोठ्या आकड्यांत पाहिला आहे. कंपनी कर्ज फेडू शकेल का याचा दर्जा ठरवणाऱ्या पतमानांकन संस्थांना रोखे काढणारी, म्हणजे कर्ज उभारणारी, कंपनीच पैसे देते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या समूहाच्या रोख्यांना 2018 च्या उन्हाळ्यापर्यंत 'ट्रिपल ए' हे सर्वोच्च मानांकन होते, आणि सप्टेंबरमध्ये ते थेट थकबाकीदाराच्या पायरीवर आले. समूहाच्या डोक्यावर 90 हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज होते. भविष्यनिर्वाह निधीचे आणि म्युच्युअल फंडांचे, म्हणजे शेवटी पगारदारांचे पैसे त्यात अडकले. भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने इक्रा, केअर आणि इंडिया रेटिंग्ज या तीन संस्थांना आधी प्रत्येकी 25 लाख रुपयांचा दंड केला आणि 2020 मध्ये तो प्रत्येकी एक कोटीवर नेला. बुडालेल्या रकमेपुढे तो दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. यात कोणी पाकीट दिले असेल असे मी म्हणत नाही. तशी गरजच पडत नाही. आपले शुल्क कुठून येते हे ठाऊक असलेला माणूस शंकेचा फायदा कोणाला देतो, एवढे पाहिले की पुरे.

गल्ल्यावरून

जमाखर्च साहेब, तुलना अर्धीच लागू पडते. तिथे एकेका बड्या कंपनीचे शुल्क मानांकन संस्थेला जाणवण्याइतके मोठे असते. इथे माझ्यासारख्या दुकानदाराची वर्षाची काहीशे डॉलरची वर्गणी गेली, तर शाखेचे काही अडत नाही. शिवाय ग्राहकाकडून तक्रारीचे शुल्क घ्यायचे नाही आणि सरकारी अनुदानही नको, तर संस्था चालवायची कोणी?

जमाखर्च

एकट्याचे अडत नाही, पण सगळ्यांचे मिळून अडते. वर्गणी गोळा करायला शाखा विक्रीचे लोक नेमतात आणि ते दारात ग्राहकांचे हित विकायला येत नाहीत. पर्यायाचे विचारता, तर 1936 पासून चालू असलेले 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' जाहिराती न घेता, वस्तू स्वतः विकत आणून तपासते आणि त्याचे पैसे मुख्यतः वाचक-सदस्य देतात.

गल्ल्यावरून

धुलाई यंत्र विकत आणून तपासता येते. काटेकोर यांचे तळघर कसे विकत आणणार? लाखो छोट्या सेवांची अशी तपासणी कोणालाच परवडणारी नाही, म्हणून तर दोघांना समोरासमोर लिहायला लावणारी संस्था लागते.

काटेकोर

हे शेवटचे म्हणणे मला रास्त वाटते, आणि माझी मागणी त्यातूनच निघते. दोघांना समोरासमोर लिहायला लावणे एवढेच काम असेल, तर शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे अक्षर द्यायचे कशाला? किती तक्रारी आल्या, किती ग्राहकांचे समाधान झाले, कितींची नुसत्या उत्तरावर बोळवण झाली आणि हा व्यवसाय वर्गणी भरतो का, हे चार आकडे-उल्लेख अक्षराच्या जागी ठळक छापावेत. त्याने गल्ल्यावरून यांच्यासारख्या बिगरसदस्याचेही नुकसान होणार नाही.

इथे नव्याने घर दुरुस्तीला काढणाऱ्यांसाठी सांगतो : न्यू जर्सीत अशा ठेकेदाराला राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि 500 डॉलरवरच्या कामाचा करार लेखीच असावा लागतो. ए प्लस पाहण्याआधी ती नोंदणी पाहा. पाच हजार डॉलरपर्यंतचा दावा इथल्या लघुवाद न्यायालयात वकिलाशिवाय लावता येतो आणि मी तो लावला आहे.

गल्ल्यावरून

मग ठेकेदाराच्या त्या चार ओळी अर्जाला जोडा. फोन न उचलणाऱ्या माणसाने स्वतःची भूमिका लेखी दिली, ती बीबीबीमुळेच. आता तो न्यायालयात वेगळे काही सांगू लागला तर त्याला त्या ओळी दाखवता येतील.

काटेकोर

जोडल्या आहेत. न्यायाधीश त्यांना किती वजन देतील ते देतील. ठेकेदाराने मात्र त्याच्या बाजूने बीबीबीच्या ए प्लसची छापील प्रत जोडली आहे.